बी. सी. नंबरची घरं

बेळगावच्या कॅम्पात पत्ता सांगताना आधी ‘बी. सी.’ येतं, मग आकडा आणि मग रस्ता : हाय स्ट्रीट, हॅवलॉक रोड, इंडिपेंडन्स रोड, मद्रास स्ट्रीट, कोंडाप्पा स्ट्रीट. बी. सी. म्हणजे बेळगाव कॅन्टोन्मेंट. शहरातल्या वाड्याला गणपत गल्ली किंवा रिसालदार गल्ली एवढं म्हटलं की पुरतं. कॅम्पातल्या घराला छावणीच्या दप्तरातला नंबर लागतो.

ही छावणी १८३२ सालची. आज कर्नाटकात कॅन्टोन्मेंट बोर्ड असलेली ही एकच जागा उरली आहे. छावण्यांतला मुलकी भाग वेगळा काढून शेजारच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत घालायचं, असं धोरण केंद्र सरकारनं घेतलं, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचलातली योलची छावणी सगळ्यांत आधी मोडली. तेव्हापासून आमच्या घरात एक वाद पेटला आहे. आक्का माझी थोरली आत्या. तिनं शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. बापूकाका तिचा धाकटा भाऊ. त्यानं आयुष्यभर घरांचे नकाशे काढले. दोघं कॅम्पातच वाढली, दोघांचाही कॅम्पावर जीव आहे, आणि तरी या एका विषयावर दोघांचं जमत नाही. खालचं बोलणं वेगवेगळ्या संध्याकाळचं आहे. ते सलग मांडलं आहे मी, आणि जिथं राहवलं नाही तिथं मध्ये बोललोही आहे.

आक्का : हाय स्ट्रीटवरून चालताना तुला काय दिसतं, बापू?

बापू : दुकानं दिसतात की. पुढं दुकान, मागं घर, वर कौलं. एका घराची भिंत दुसऱ्याला लागून.

आक्का : मला आखणी दिसते. शहरातल्या गल्ल्या माणसांच्या पायांनी पडल्या. कुठं देऊळ होतं, कुठं विहीर, कुठं ओढा. त्यांना वळसा घालत घालत गल्ली झाली. इथं आधी कागद झाला आणि मग रस्ता. पलटणींच्या बराकी एकीकडे, साहेबांचे बंगले ऐसपैस कंपाउंडात दुसरीकडे, आणि दोघांना लागणारा बाजार हाताशी. पुण्याचा कॅम्प तसाच, अहमदनगरचा भिंगार कॅम्पही तसाच. दोनशे वर्षांपूर्वीचा विचार रस्त्यावर अजून वाचता येतो, अशा जागा आपल्याकडे किती आहेत सांग.

बापू : विचार वाचता येतो, हे खरं. पण काय विचार होता तोही वाच की. ज्यांच्यावाचून छावणी एक दिवस चालली नसती, ते शिंपी, धोबी, खाटीक, मोची, भिस्ती, पाववाले, आया, खानसामे सगळ्यांत चिंचोळ्या जागेत. आणि एका कुटुंबाच्या बंगल्याला एवढं आवार की त्यात आपली अख्खी गल्ली मावेल. तू त्याला आखणी म्हणतेस. मी नकाशे काढलेला माणूस आहे, मला त्यात कुणाला किती जागा दिली हे आधी दिसतं.

आक्का : मी कुठं नाही म्हणते? पण कॅम्प वसवला तो काही रिकाम्या माळावर नाही. पूर्वेला किल्ला आहे. त्यातली कमल बस्ती १२०४ ची. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं बांधलेली. छतातलं ते दगडी कमळ वर्गातली पोरं मान दुखेपर्यंत बघत राहायची. त्याच किल्ल्यात असदखान लारीची सफा मशीद, १५१९ ची. इंग्रज आले ते या सगळ्यानंतर. १८१८ च्या मार्चमध्ये टॉमस मन्रोनं वेढा घातला, तीन आठवडे किल्ला लढला आणि एप्रिलमध्ये पेशवाईच्या किल्लेदारानं तो खाली केला. पलटण इथं ठेवण्यासारखी जागा होतीच : अडीच हजार फुटांची उंची, थंड हवा, किल्ला ताब्यात आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा. १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा काढून बेळगाव जिल्हा केला. म्हणजे आधी छावणी आणि मागून कलेक्टर.

बापू : बिचिराजाचं सांगितलंस, त्याच्या शिलालेखांचं सांगितलं नाहीस. १२०४ चेच बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावाचा इतका जुना लेखी पुरावा बघायचा तर विमानाचं तिकीट काढायला पाहिजे. आणि आपण काय करायचं? तो नेणाऱ्यांचे बंगले जपायचे.

हे ऐकून आक्का गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती गप्प बसली नाही, आणि तिनं जे उत्तर दिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. शिलालेख गेला म्हणून तर उरलेलं जपायचं, ती म्हणाली. नेण्यासारखं नव्हतं तेवढंच आपल्याकडे राहिलंय, आणि घर कुणी नेत नाही, ते इथंच पाडलं जातं.

आक्का : सेंट मेरी चर्च घे. १८६९ चं. टोकदार कमानी, रंगीत काचा, उंच छत. इंग्लंडातल्या एखाद्या गावचं देऊळच उचलून इथं ठेवावं असं. पण ते बांधणारे गवंडी, सुतार कुठले होते? दगड घडवणारा हात इथलाच. बांधकामाचा हुकूम साहेबाचा, पण कमान जमवायची अक्कल त्याच्याकडे नव्हती. ती या मातीतल्या माणसाकडे होती. इमारत पाडलीस तर साहेबाचं काहीच जात नाही. त्या गवंड्याची एकच खूण होती, ती जाते.

बापू : बोललीस ते मनापासून, पण त्या गवंड्याचं नाव आहे का कुठं? अशा लष्करी चर्चांच्या भिंती बघ. कुठला कॅप्टन तापानं गेला, कुणाची बायको बाळंतपणात गेली, कुणाचं दोन वर्षांचं मूल गेलं. संगमरवरात नाव, वय, तारीख. ती माणसं होती, त्यांचं दुःख खोटं नाही. आता आपल्याकडच्या गावात जा. पहिल्या महायुद्धाच्या पाट्या चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेल्या असतात. त्यावर लिहिलंय काय? या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. आकडा. साताऱ्याकडच्या अपशिंग्यातून ४६ जण त्या लढाईत गेले. साहेबाचं दोन वर्षांचं मूल नावानं आणि आपला शिपाई आकड्यानं.

आक्का : हे मी वर्गात शिकवलंय, बापू. आणि त्याला जोडून आणखी एक. १९१६ च्या एप्रिलात, २८ तारखेला, लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली. प्रांतिक परिषद भरली होती, गंगाधरराव देशपांड्यांसारखी माणसं यजमान. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, तिकडं इराकात कुत-अल-अमाराला जनरल टाउनशेंडचं सैन्य तुर्कांना शरण गेलं. जवळजवळ पाच महिने वेढ्यात होतं ते. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. इकडं मांडवात स्वराज्याचा ठराव, तिकडं आपलीच पोरं इंग्रजासाठी उपाशी. एकाच घरातला एक भाऊ सभेत आणि दुसरा वेढ्यात, असंही कुठं झालं असेल. पोरांना हे सांगताना दरवेळी माझा घसा दाटायचा.

बापू : मग ही गोष्ट सांगणारी एक तरी भिंत दाखव.

आक्का : लष्कराच्या आवारात आहे की. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे. पलटण १७६८ ची. त्याच महायुद्धातल्या, इराकातल्या शर्कतच्या लढाईचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. लष्करानं नावं जपली, बापू. मुलकी लोकांनी जपली नाहीत, म्हणजे आपण.

आक्काचं शेवटचं वाक्य बापूकाकाला लागलं. तो विषय बदलतो तेव्हा त्याला लागलेलं असतं, हे आम्हाला घरात माहीत आहे. त्यानं विषय नेला गोव्याकडे.

बापू : खानापूर रोड म्हटला की मला १९६१ चा डिसेंबर आठवतो. शाळेत जाणारं पोरगं होतो मी. रात्रभर ट्रक. खिडकीची तावदानं थरथरायची आणि आईनं दिवा बारीक केलेला. मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन बेळगावात जमली होती आणि इथून गोव्यावर गेली. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले. साडेचारशे वर्षं संपली. तीनशे वर्षं ज्या गोव्यावर कुणाकुणाचे डोळे होते तो दोन दिवसांत मोकळा झाला, आणि ती वाट आपल्या दारावरून गेली. त्या रस्त्याला माझ्या मनात कुठल्याही चर्चहून मोठी जागा आहे.

आक्का : मग तूही जुन्या रस्त्याच्या प्रेमातलाच. उगीच भांडतोस.

बापू : रस्त्याच्या प्रेमात आहे, होय की. घराच्या कायद्याच्या नाही. आता ऐक, कारण हे तू इतिहासाच्या तासाला कधी शिकवलं नाहीस.

इथून पुढचं बोलणं बापूकाकाच्या धंद्यातलं आहे, आणि कॅम्पाचा खरा इतिहास कुठं दडला असेल तर तो यात, असं माझं मत झालं आहे.

बापू : कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची जमीन बहुतेक ‘ओल्ड ग्रँट’ची. कंपनी सरकारच्या काळातली रीत. भिंती, दारं, कौलं, तुळया तुझ्या. खालची जमीन सरकारची. जनरल लँड रजिस्टर म्हणून दप्तर असतं, त्यात अशा जमिनीला बी-३ लिहितात, आणि घरवाल्याचं नाव लागतं ते मालक म्हणून नाही, ताबा असणारा म्हणून. सरकारला जागा हवी झाली तर महिन्याची नोटीस, मंजूर बांधकामाची ठरेल ती किंमत, आणि घर रिकामं. हे मुळात कशासाठी होतं? छावणीतल्या साहेबांना राहायला बंगले कमी पडू नयेत म्हणून. बाहेरच्या माणसानं पैसे घालून बंगला बांधावा, साहेबाला भाड्यानं द्यावा, आणि मातीवर हक्क सांगू नये. साहेब गेला १९४७ ला. १९२४ चा कॅन्टोन्मेंट कायदा जाऊन २००६ चा आला. जमीन होती तिथंच राहिली. आज त्या घरात चौथी पिढी राहते. खोली वाढवायची तर परवानगी, विकायचं तर परवानगी, वाटणी करायची तर वेगळं दुखणं. बँक कर्ज द्यायला बघत नाही, कारण तारण काय ठेवणार? भिंती?

आक्का : आणि म्हणूनच बंगले उभे आहेत.

बापू : काय म्हणालीस?

आक्का : तुझ्याच तोंडून निघालं बघ. वाढवता आलं नाही, विकता आलं नाही, पाडून उंच बांधता आलं नाही, म्हणून उतरती कौलं, रुंद व्हरांडे, आवारातली चिंच-आंब्याची झाडं राहिली. टिळकवाडीत जुने बंगले किती उरलेत? कॅम्पाला लागूनच आहे की ती. तिथं जमीन ज्याची त्याच्या नावावर होती.

यानंतर दोघंही थोडा वेळ बोलली नाहीत. मी जेवढा विचार करतो तेवढं मला हेच खरं वाटतं : कॅम्पातल्या जुन्या वास्तू कुणी प्रेमानं जपल्या म्हणून राहिल्या नाहीत. लोकांना हक्क नाकारणाऱ्या नियमाचं ते मागोमाग आलेलं फळ आहे. आता तो नियम सैल होणार, आणि व्हायलाच हवा. पण आजवर राखण करणारं जे काही होतं ते त्याच्याबरोबर जाईल, आणि त्याच्या जागी ठेवायला आपल्याकडे आज काही तयार नाही. ना यादी, ना नकाशा, ना सवय.

बापू : चार पिढ्यांनी गळक्या कौलांखाली राहून तुझा वारसा सांभाळायचा आणि तू रविवारी येऊन त्याचे फोटो काढायचे. हा न्याय झाला? त्यांच्या बाजूनं बोलायला आज निवडून दिलेला माणूससुद्धा नाही. बोर्डांची मुदत २०२१ ला संपली. २०२३ च्या ३० एप्रिलला देशभरच्या छावण्यांची निवडणूक लावली होती, ती महिनाभर आधी रद्द केली. नगरसेवक नाही, हक्काची जमीन नाही. कर मात्र भरायचा.

आक्का : न्याय नाही. मी तो न्याय आहे म्हणतच नाही. मी एवढंच म्हणते की बेंगळुरू बघ. तिथं छावणी आणि शहर १९४९ मध्ये एक केलं. साउथ परेडचा एम. जी. रोड त्याच्या आदल्या वर्षीच झाला होता. नाव बदललं त्याचं मला काही नाही, गांधीजींचं नाव वाईट कसं असेल? पण त्या रस्त्यावरचे आणि आसपासचे बंगले नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून गेले आणि काचेच्या इमारती आल्या. कुणी सूड म्हणून पाडले नाहीत. जमिनीला भाव आला, एवढंच. ज्यांना ते हवे होते त्यांनी मागून पुस्तकं काढली, जुने फोटो छापले. घर पडल्यावर फोटो छापून काय करायचं?

बापू : पण तिथल्या माणसाला घराचं मोल तरी मिळालं.

आक्का : ज्याचं आवार मोठं त्याला मिळालं. चिंचोळ्या घरातल्या शिंप्याला, पाववाल्याला किती मिळालं? तो भाडेकरूच होता. त्याला आधी उठवलं असणार. तुझी माणसं म्हणतोस, त्यांचं काय होईल ते तू धरलंयस का हिशेबात?

बापूकाकानं याचं उत्तर त्या संध्याकाळी दिलं नाही. दोन-तीन दिवसांनी तो स्वतःहून म्हणाला की हस्तांतराच्या कागदात भाडेकरूचा मुद्दा आला पाहिजे, नाहीतर आक्काचं खरं ठरेल. तिचं नाव घेऊन त्यानं काही कबूल केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

नावांवरूनही त्यांचं असंच वाजलं.

बापू : हॅवलॉकचा रस्ता कशाला ठेवायचा? हेन्री हॅवलॉक म्हणजे सत्तावन साली कानपूर-लखनौकडं इंग्रजी फौज घेऊन गेलेला. त्याच सालच्या ऑगस्टात इकडं बेळगावात पलटणीत फितुरी आहे म्हणून धरपकड झाली, मुन्शी महंमद हुसेन याला मृत्युदंड दिला. त्याच्या नावाची गल्ली दाखव मला. नाही. शिक्षा देणाऱ्यांच्या बाजूचा रस्ता आहे, शिक्षा भोगणाऱ्याचा नाही.

आक्का : मुन्शीच्या नावाचा रस्ता कर ना, कोण अडवतंय? कॅम्पात जनरल थिमय्यांच्या नावाचा रस्ता आहे. स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख, कोडगूचे. इंडिपेंडन्स रोड आहे. म्हणजे प्रत्येक काळानं आपलं नाव घातलं आणि आधीचं खोडलं नाही. पोरानं शाळेतून घरी येताना तीन पाट्या वाचल्या तर त्याला तीन काळ कळतात. एकच पाटी ठेवलीस तर त्याला वाटेल, जग त्या पाटीपासूनच सुरू झालं.

बापू : पाटी वाचून काळ कळत नाही, आक्का. पोराला हॅवलॉक कोण हे सांगणारा कुणीतरी लागतो. तू होतीस. तू निवृत्त झालीस.

पाट्यांचा विषय बेळगावात साधा नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी दोन वाक्यं लिहितो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथला मराठी माणूस तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. कॅम्पाची जमीन केंद्राची असल्यानं या ओढाताणीत तो जरासा बाजूला राहिला. एकाच रस्त्यावर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, तमीळ, तेलुगू बोलणारी घरं, कारण पलटणींबरोबर आणि पलटणींच्या मागून माणसं सगळीकडून आली. माझ्या आजीला तमीळ शेजारणीनं शिकवलेलं सांबार आमच्याकडे अजून होतं.

आक्का : मला भीती आहे ती याची. महापालिकेत गेलो की उद्या पाटीची भाषा, परवा पाटीचं नाव, आणि भांडण पेटलं की त्यात मूळ घराकडे कुणी बघणार नाही. मराठी माणसानं तरी या कॅम्पाला ‘साहेबांचा’ म्हणून परका धरू नये. सेंट पॉल शाळा १८५६ ची. तिच्यातून किती मराठी पोरं शिकली. १८२० मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले आणि त्यांच्या मिशननं शाळा काढल्या. बेनन स्मिथ हायस्कूल त्याच परंपरेतलं. १९५३ मध्ये बेळगावला स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि फातिमा कॅथेड्रल त्याचं मुख्य चर्च. तिथं रविवारी कोकणी-मराठी बोलणारी आपलीच माणसं जातात. ती काय साहेब आहेत?

बापू : ती आपली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शिक्षणाचा सगळा मान कॅम्पाला देऊ नको. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. सेंट मेरीपेक्षा २१ वर्षांनी जुनं. त्याला कमानी नव्हत्या, रंगीत काचा नव्हत्या, म्हणून कुणी ते ‘बघायला’ जात नाही.

आक्का : हे मात्र खरं बोललास. घालू त्यालाही यादीत.

बापू : यादीत काय घालायचं हेच तर भांडण आहे. बघ, किल्ल्यातलं ते घर कसं राहिलं? १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले. आधी वकील सदाशिवराव भाट्यांकडे, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्रांच्या घरी नऊ दिवस. ते घर रामकृष्ण मिशननं स्मारक करून राखलं. छान झालं. पण स्वामीजी तिथं उतरले नसते तर? म्हणजे घर वाचवायला आधी एक थोर माणूस त्यात झोपून जावा लागतो. आमच्या मद्रास स्ट्रीटवरच्या घरात कोण झोपला? सुभेदाराची विधवा झोपली, बँडवाला झोपला, बेकरीचा भट्टीवाला झोपला.

आक्का : भाट्यांचंच उदाहरण घे. स्वामीजी आले तेव्हा त्यांचा मुलगा विद्यार्थी होता, पुढं प्राध्यापक झाला. त्यानं आठवणी लिहिल्या. पाहुण्यानं जेवण झाल्यावर पान-तंबाखू मागितली, त्यानं घरच्यांना धक्का बसला, हे लिहिलंय. तो अष्टाध्यायी पाठ करत होता, आणि पाहुण्याला ती त्याच्याहून चांगली पाठ होती, हे लिहिलंय. आता सांग, विवेकानंदांवर एवढे ग्रंथ झाले, पण बेळगावातले स्वामीजी डोळ्यांपुढं उभे राहतात ते या मुलाच्या लिहिण्यामुळं. थोर माणूस घरात येणं आपल्या हातात नाही. घरातल्या मुलानं लिहून ठेवणं आहे. तुझ्या भट्टीवाल्याच्या नातवाला कुणी विचारलं का, की आजोबा पहाटे किती वाजता भट्टी पेटवायचे, पाव कुठल्या पलटणीला जायचा, १९४७ नंतर गोरी गिऱ्हाइकं गेल्यावर धंदा कसा टिकवला?

बापू : नाही विचारलं.

आक्का : मग विचारू या. सरकारच्या लँड रजिस्टरात जमिनीचा प्रकार आहे, क्षेत्रफळ आहे, ताबेदाराचं नाव आहे. घर कधी बांधलं, कौलं कधी घातली, त्यात कोण कोण राहून गेलं, यातलं काही नाही. ती दुसरी वही आपण करायची. प्रत्येक घराचं एक पान. तू नकाशा काढ, मी माणसांशी बोलते.

बापू : आणि त्या वहीचा उपयोग कुणाला? उद्या कुणी अधिकारी येऊन म्हणेल, हे घर जुनं आहे, यात इतिहास आहे, आता याला हात लावू नका. म्हणजे आधी ओल्ड ग्रँटनं बांधलं, मग तुझ्या वहीनं बांधलं. मी त्यात नाही.

आक्का : तर मग वहीत पहिल्या पानावर हेच लिही. जमीन राहणाऱ्याच्या नावावर व्हावी, भाडेकरूला निवारा राहावा, आणि ज्या घरांना राखायचं म्हणून निवडाल त्यांच्या डागडुजीचा खर्च निवडणाऱ्यानं द्यावा. हे मला मान्य आहे. पण सगळंच पाडायला मोकळं, हे मान्य नाही. सेंट मेरी, शाळा, बाजाराची आखणी, दहा-पंधरा तरी बंगले, हे राहिलं पाहिजे. त्यावर मी हटणार नाही.

बापू : दहा-पंधरा कुठले, ते राहणारे ठरवतील.

आक्का : राहणारे आणि गाव. एकट्या राहणाऱ्यावर सोपवलंस तर ठेकेदार ठरवेल.

इथं दोघं थांबली आणि अजून तिथंच आहेत. मला स्वतःला आक्काची अट योग्य वाटते : ज्यानं घर राखायला सांगायचं, त्यानं त्याचा खर्च उचलायचा. ही अट सरकार पाळेल का, यावर बापूकाकाचा विश्वास नाही, आणि त्यानं आयुष्यभर जे कागद हाताळले ते बघता त्याला दोष देता येत नाही. पण वहीचं मात्र ठरलं. सुरुवात कुठून करायची, यावर एक शेवटची चकमक झाली.

आक्का : सेंट मेरीपासून. तारीख पक्की आहे, कागद आहेत, पुढचं सोपं जाईल.

बापू : कॅम्पातल्या फिश मार्केटपासून. चर्चला कागद आहेत म्हणून तर ते मागं ठेवलं तरी चालेल. मार्केटातले म्हातारे पाच वर्षांत राहणार नाहीत. आणि हे हस्तांतराच्या आधीच व्हायला पाहिजे. आज वही घेऊन गेलीस तर लोक आत बोलावून चहा देतील, कारण आज त्यांच्याकडे विकण्यासारखं काही नाही. एकदा जमीन नावावर झाली की वही घेऊन दारात येणारा प्रत्येक माणूस त्यांना दलाल वाटेल.

आक्का : बरं, मार्केटपासून. पण सकाळी नऊनंतर. त्याआधी गाड्या येतात, मासळी उतरत असते, कुणी बोलणार नाही.